भर दुपारचा कंदील

किसनाजी बारापात्रे चिडले, की नागपूरच्या महालातल्या आमच्या छापखान्याच्या छपरावर, कवेलूंवर बसलेली कबुतरं उडायची ती थेट दहा मैलांवरच्या कामठीला जाऊन उतरायची. तिथूनही ऊन उतरल्यावर एकेक करून, अंदाज घेत परतायची. हे मी वाढवून सांगतोय असं ज्यांना वाटतं, त्यांनी बारापात्रेंना चिडलेलं पाहिलेलं नाही. न चिडलेलं तर कोणीच पाहिलेलं नाही. मी पाहिलं, एकदाच.

माणूस उंचीला पाच फूट. राग साडेपाच फूट. वरचा अर्धा फूट टोपीतून बाहेर यायचा आणि पंख्याला लागायचा.

छापखान्यात ते फोरमन होते. म्हणजे अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवणारे कंपोझिटर, मशीनवाले आणि शाईचे डबे यांच्यावर त्यांचं राज्य. मालकांवरही होतं, फक्त मालकांना कोणी तसं सांगितलेलं नव्हतं. मी एका शाळेत भूगोल शिकवायचो आणि सुट्टीत तिथं प्रूफं तपासायला बसायचो. बारापात्रे माझ्या डाव्या हाताला उभे असत. माझा डावा कान आज उजव्यापेक्षा कमी ऐकतो, त्याचं कारण डॉक्टरला सापडलेलं नाही.

त्यांच्या सदऱ्याच्या एका खिशात चिमटा असे आणि दुसऱ्यात एक तेलकट वही. त्या वहीत अक्षर एकही नव्हतं. प्रत्येक पानाला भोक पाडून सुताची एकेक छोटी गुंडी बांधलेली होती. त्यांचे वडील उमरेडकडच्या एका खेड्यात लुगडी विणायचे आणि त्यांचं सूतही स्वतःच रंगवायचे. त्यांनी आयुष्यभर जे जे रंग उकळून काढले, ते सगळे त्या वहीत होते. डाळिंबी, मोरपंखी, आमसुली, राखी, आणि ज्यांना नावंच नाहीत असे दहा-वीस. शाईच्या डब्यावर नुसतं ‘लाल’ असं छापलेलं दिसलं की बारापात्रेंचं डोकं फिरायचं. लाल म्हणजे कोणता, म्हणे. कुंकवाचा, कवेलूचा, मिरचीचा, का थुंकलेल्या पानाचा? मग वही उघडून, डब्यातली शाई बोटावर घेऊन, सुताशेजारी बोट धरून ते असे उभे राहत, की जणू एखादा सोनार कसोटीवर सोनं घासतोय. जुळलं नाही तर डबा परत. एकदा तर डबा आणणारा विक्रेताही परत, सायकल तिथंच सोडून.

खिळ्यांनाही त्यांनी नावं ठेवली होती. एक टाइप ‘जेवलेला’, एक ‘उपाशी’, एक ‘फोटोले बसलेला’. उपाशी टाइपावर त्यांचा विशेष राग. बारीक अंगाचा, रेघा केसासारख्या, शहरातल्या लोकांना फार देखणा वाटणारा. बारापात्रे नव्या पानाचं प्रूफ पाण्याच्या माठामागच्या भिंतीला चिकटवत. जो कोणी पाणी प्यायला येईल, त्याला पेला हातात धरून ते वाचायला लावत. तो पुढे वाकला किंवा त्यानं डोळे बारीक केले, की पान मोडलं. पुन्हा जुळवा. कंपोझिटर रडकुंडीला येत. लोक पाणी प्यायला शेजारच्या सुताराकडे जाऊ लागले. बारापात्रेंचं म्हणणं ठरलेलं होतं, आणि ते इतक्यांदा ऐकलंय की मी ते झोपेत म्हणतो अशी घरची तक्रार आहे:

“वाचणाऱ्याले डोळे बारीक कराव लागले, तर चूक वाचणाऱ्याची नाई. आपली आहे.”

गांधीबाग बाजारातल्या एका कापडवाल्याच्या मुलीचं लग्न होतं. नवरीचा शालू गुलाबी, काठ पिवळे, म्हणून पत्रिका गुलाबी आणि अक्षरं पिवळी हवीत असा त्याचा हट्ट. मालक हो म्हणाले. बारापात्रेंनी निमूटपणे एक प्रत छापली, ती घेऊन ते भर बाजारात गेले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचायला देऊ लागले. एका टांगेवाल्यानं ती उलटी धरली. एका वकिलानं चष्मा लावून, चष्मा काढून, शेवटी मत दिलं की ही दंतमंजनाची जाहिरात असावी. कापडवाला दुकानाच्या गादीवरून हे ऐकत होता. त्याच दुपारी अक्षरं गडद तपकिरी झाली. परतताना मला वाटलं, बारापात्रे आता हसतील. ते तर जास्तच भडकलेले.

“पाहा मास्तर,” ते म्हणाले, “म्हातारा पाव्हणा असन एखादा. पत्रिका वाचता आली नाई तर थो विचारन का कोणाले? नाई विचारत. लाजून घरीच राहीन. म्हणन, आपलेच डोळे गेले.”

त्यांचा राग कुठून निघतो ते मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. पण मी तेव्हा नुसता वकिलाला हसत होतो.

आता त्या पुस्तकाकडे येतो. आजही त्याचं नाव काढलं की माझं रक्त उकळतं. वय झालंय, उकळायला वेळ लागतो, पण उकळतं.

खेड्यांतली मुलं सातवीच्या परीक्षेत फार नापास होतात, म्हणून काही थोर मंडळींनी एक समिती काढली. अध्यक्ष एक निवृत्त प्राचार्य. आवाज असा भारदस्त की ‘चहा घ्या’ म्हणाले तरी लोक उभे राहत. समितीनं प्रश्नोत्तरांचं एक पुस्तक करायचं ठरवलं, ‘परीक्षा-सोबती’. ते खेड्यातल्या प्रत्येक सातवीतल्या मुलाच्या हातात पडणार होतं. भूगोलाचे प्रश्न मी काढले होते, म्हणून बैठकांना मीही असे, कोपऱ्यातल्या खुर्चीवर.

अध्यक्षांनी कुठल्याशा परदेशी पुस्तकात एक युक्ती पाहिली होती. प्रश्न काळ्या शाईत छापायचे, उत्तरं फिक्या गुलाबी शाईत, आणि पुस्तकासोबत एक लाल जिलेटिनचा पारदर्शक कागद द्यायचा. तो कागद पानावर ठेवला की गुलाबी उत्तरं गडप. प्रश्न तेवढे दिसतात. मुलानं मनाशी उत्तर द्यायचं, कागद उचलायचा, ताडून पाहायचं. अध्यक्षांनी ट्यूबलाइटखाली तो कागद पानावर ठेवला, उचलला, ठेवला, उचलला. समितीतली पांढऱ्या केसांची माणसं अशी खूष झाली की त्यांनी तो कागद आपापसांत फिरवून एकमेकांना लाल पाहिलं. मीही पाहिलं. अध्यक्ष लाल छान दिसत होते.

आणि टाइप त्यांना हवा होता उपाशी. आधुनिक दिसतो म्हणून.

बारापात्रेंना हे कळलं तेव्हा कबुतरं कामठीही ओलांडून गेली असणार. पण या वेळी रागाला एक पत्ता होता. त्यांची धाकटी मुलगी वेणू गावी आजीपाशी राहायची आणि त्याच जूनमध्ये सातवीत जाणार होती. आजीनं, म्हणजे बारापात्रेंच्या आईनं, निकाल आधीच लावून ठेवला होता. सातवीची परीक्षा एकदा. पास झाली तर पुढे शीक. नापास झाली तर मांडव. स्थळही पाहून ठेवलेलं. बारापात्रेंनी आईपुढे तोंड उघडलं का, असं मी विचारलं होतं. अख्ख्या महालाला हादरवणारा तो माणूस खाली बघत म्हणाला, “माय आहे न जी माही.” घरात वीज नव्हती. दिवसभर पोरीनं मागासाठी कांड्यांवर सूत भरायचं आणि दिवे लागल्यावर कंदिलाशी पुस्तक घेऊन बसायचं. तिच्या हातात येणार होतं ते हेच पुस्तक.

टाइपाची लढाई बारापात्रेंनी जिंकली, पण ज्या रीतीनं जिंकली त्यानं ते आणखीच चिडले. मुलांना हा टाइप दिसणार नाही, असं त्यांनी मालकांना तीनदा सांगितलं. मालकांनी तीनदा मान हलवली. चौथ्यांदा बारापात्रे म्हणाले, एवढ्या प्रती छापल्या तर तुमच्या नव्या बारीक खिळ्यांची नाकं झिजून जातील. मालक ताडकन उठले. दुसऱ्या दिवशी समितीकडून जेवलेल्या टाइपाला मंजुरी आली. “खिळ्याचं दुखते त्याहिले,” बारापात्रे दिवसभर मशीनला सांगत होते, “पोट्ट्याहिच्या डोळ्याचं नाई दुखत.”

राहिला गुलाबी.

मे महिना होता. नागपूरच्या मेबद्दल मी काहीही सांगितलं तरी ते कमीच पडेल, त्यामुळे ही एकच गोष्ट अशी आहे, जिथं मी वाढवून सांगत नाही. समितीची बैठक मालकांच्या खोलीत भरली होती. वाळ्याचा कूलर घरघरत होता, वर दोन ट्यूबलाइट. अध्यक्ष शेवटच्या नमुन्यावर सह्या घेणार, इतक्यात बारापात्रे आत आले. हातात गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी. त्यांनी खिडक्या लावल्या, दाराला कडी घातली, ट्यूबलाइटचं बटण दाबलं आणि जाता जाता कूलरचंही. खोली काळीकुट्ट झाली. मग काडी ओढल्याचा आवाज आला आणि टेबलाच्या मधोमध एक कंदील पेटला. काच एका बाजूनं काजळलेली. उमरेडच्या एसटीनं गावाहून आणलेला, वेणूचा.

त्यांनी प्रत्येकासमोर नमुन्याचं पान ठेवलं आणि म्हणाले, “वाचा जी.”

कंदिलाचा उजेड पिवळा. त्यात कागद पिवळा झाला आणि गुलाबी अक्षरं त्या पिवळ्यात विरघळून गेली. प्रश्न दिसत होते. ‘वैनगंगा नदी कोठे उगम पावते?’ हे ठळक होतं, आणि त्याखाली धुकं. मी स्वतः लिहिलेलं उत्तर मला वाचता येईना. एका सभासदानं पान नाकाला लावलं. दुसऱ्यानं ते कंदिलाच्या इतकं जवळ नेलं की कागदाचा कोपरा तपकिरी झाला. तिसरे घामानं असे डबडबले होते की त्यांच्या पानावर शाई, घाम आणि वैनगंगा एकत्र वाहू लागली. अध्यक्ष वाकले. त्यांनी डोळे बारीक केले.

बारापात्रे त्यांच्या डोळ्यांकडेच बघत होते.

लाल कागद ठेवायची गरजच उरली नव्हती, उत्तरं आपोआप गडप होती. एवढं झाल्यावर कोणीही शहाणा माणूस म्हणाला असता, बुवा, चुकलं, बदला रंग. अध्यक्षांनी पान खाली ठेवलं, रुमालानं मान पुसली आणि म्हणाले, “मग मुलांनी दिवसा अभ्यास करावा.”

मी वाट बघत राहिलो, की आता छप्पर उडणार. उडालं नाही. बारापात्रे इतक्या खालच्या आवाजात बोलले की मला तो आवाज त्यांचा वाटेना.

“दिवसा त्याहिचे हात कामात असतात साहेब. माही पोरगी दिवसभर कांड्या भरते. आणि उत्तरच झाकाचं आहे न? त्याले तळहात आहे. देवानं सगळ्याहिले दोन दोन देल्ले. लाल कागद कायले पाह्यजे?”

कोणीतरी अंधारात हसलं. ते अध्यक्षांना लागलं.

“बारापात्रे,” ते म्हणाले, “पुस्तक कसं असावं ते समिती ठरवील. तुम्ही शाई लावा.”

खिडक्या उघडल्या. कूलर सुरू झाला. नमुन्याचा कागद टेबलाभोवती फिरला आणि गुलाबी रंगाला मंजुरी म्हणून प्रत्येकानं सही केली. कागद शेवटी कोपऱ्यातल्या खुर्चीपाशी आला. मला आता कोणी विचारलं तर मी सांगतो की पेन चालत नव्हतं, हात थरथरत होता. खोटं आहे. पेन नवं होतं आणि सही फर्मास आली. बारापात्रे दारात कंदील घेऊन उभे होते, त्यांनी ती येताना पाहिली.

पुढच्या आठवड्यात गुलाबी रंगाची छपाई सुरू व्हायची होती. सकाळी मी गेलो तर बारापात्रे काचेवर शाई घोटत होते. शेजारी वही उघडी, जांभूळ पिकून फुटतं त्या रंगाची सुताची गुंडी वर आलेली. त्यांनी गुलाबीत लाल ओतली, निळी घातली, बोटाच्या पेराएवढी काळी घातली आणि पात्यानं ते असं कालवलं की जणू पिठलं ढवळतायत. एक ताव छापून काढला. तो त्यांनी उभ्यानंच वाचला, वाकावं लागलं नाही. त्यांनी लाल जिलेटिन त्यावर ठेवलं. उत्तरं जशीच्या तशी उभी राहिली, एकही लपलं नाही. मग मशीनमागे गोणपाटाच्या आडोशाला कंदील लावून तोच ताव त्यांनी आत धरला. तिथंही उभी.

ताव त्यांनी माझ्यापुढे टाकला. “पाहून घ्या मास्तर.”

मला रंग दिसत होता. आंधळ्यालाही दिसला असता. मी मान खाली घालून वैनगंगा तपासली.

“मजकूर बरोबर आहे,” मी म्हणालो.

“तेवढंच विचारलं,” ते म्हणाले आणि त्यांनी मशीन चालू करवलं.

अध्यक्षांनी त्यांना शाई लावायला सांगितली होती. त्यांनी लावली.

शाळा उघडायच्या आधी पुस्तकांचे गठ्ठे एसटीच्या टपांवरून गावोगाव गेले. ते गेल्यावर अध्यक्षांच्या घरी प्रत पोचली. त्यांनी म्हणे पाहुण्यांना बोलावलं, पुस्तक उघडलं, ‘आता पाहा गंमत’ म्हणून लाल कागद ठेवला आणि उत्तरं कागदातून दात काढून हसली. त्यांनी कागद उलटा करून पाहिला. दोन कागद एकावर एक ठेवून पाहिले. मग टांगा मागवला.

अध्यक्ष छापखान्यात आले तेव्हा मालक पांढरे पडले होते. त्यांनी आधी माझ्याकडे बोट केलं. पहिला ताव कोणी तपासला? मी उभा राहिलो. मी म्हणालो, माझं रंगाकडे लक्ष गेलं नाही. शाळेत शिकवणाऱ्या माणसानं, मुलांना खरं बोला म्हणून छड्या मारणाऱ्या माणसानं, असं सांगितलं. आणि तेव्हा बारापात्रे, ज्यांनी माझी ती फर्मास सही पाहिली होती, ते पुढे आले.

“मास्तरचा काई संबंध नाई,” ते म्हणाले. “त्याहिले रंगातलं काई समजत नाई. शाई म्या बनवली.”

कोणी इतका अपमान करून मला वाचवलेलं नाही. अध्यक्षांनी कारण विचारलं. बारापात्रे म्हणाले, कारण मे महिन्यात टेबलावर ठेवलं होतं, तुम्ही विझवलं. त्यांना त्याच वेळी काढून टाकलं. मालकांनी ते अध्यक्षांकडे बघत केलं, बारापात्रेंकडे नाही. बारापात्रेंनी रॉकेलच्या चिंधीनं हात पुसले, बोट न् बोट, सावकाश. वही खिशात घातली, चिमटा टेबलावर ठेवला, कंदील उचलला आणि निघाले. त्या दिवशी एकही कबुतर उडालं नाही. मला ते सहन होईना.

पुस्तकं परत मागवता येण्यासारखी नव्हती, शाळा सुरू झाल्या होत्या. समितीनं तोंड मिटून घेतलं. पण पुढे खेड्यांतल्या गुरुजींची पत्रं येऊ लागली, की पुस्तक फार चांगलं, दिव्यातसुद्धा स्वच्छ दिसतं. थंडीत अध्यक्षांचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, व्यासपीठ. आणि तो भारदस्त आवाज म्हणाला, “अक्षर आणि रंग निवडताना आमच्या डोळ्यांसमोर होता तो खेड्यातला कंदील.” आमच्या. टाळ्या झाल्या. मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलो. माझा निषेध एवढाच. या माणसाला मी मनातल्या मनात आजवर हजार वेळा कंदिलाच्या काचेत कोंडलंय, पण मनातल्या मनात कोंडायला काय लागतं.

वेणूचं काय झालं ते आधी सांगून टाकतो. ती पास झाली. उन्हाळ्यात मला एक कार्ड आलं, त्यावर दोनच शब्द: ‘वेणू पास’. पत्ता इतक्या मोठ्या आणि ठळक अक्षरात होता की पोस्टमन तो चौकातूनच वाचत आला म्हणाला. पण मला दिसतं ते कार्ड नाही. दिसते ती त्याआधीची एक संध्याकाळ.

सत्काराच्या पुढच्या रविवारी मी उमरेडची एसटी धरली आणि तिथून गावापर्यंत चालत गेलो. वाटभर माफी जुळवत होतो. खिळा खिळा वेचून जुळवली, मोडली, पुन्हा जुळवली. गावाबाहेर पोरं ते लाल जिलेटिन डोळ्यांना लावून बैलांकडे बघत होती. शेवटी त्याचा कोणाला तरी उपयोग झाला होता. बारापात्रे पुन्हा वडिलांच्या मागावर बसू लागले होते. मी अंगणात पोचलो तेव्हा दिवे लागले होते, माग थांबला होता.

ओसरीवर, पायरीच्या टोकाशी कंदील होता. त्याच्यापाशी दोन वेण्यांची एक मुलगी मांडीवर ‘परीक्षा-सोबती’ घेऊन बसली होती. तिनं प्रश्न वाचला. उत्तरावर तळहात ठेवला. डोळे मिटून ओठ हलवले. मग तळहात उचलून पाहिलं, आणि पुढच्या प्रश्नावर गेली. वाकली नाही. डोळे बारीक केले नाहीत.

बारापात्रे तिच्या मागे, चांगले दोन हात लांब, भिंतीला टेकून बसले होते. तिच्या पानाकडे बघत होते. मी त्यांना पटकन ओळखलंच नाही. चेहरा तोच, पण वरचा अर्धा फूट कुठेच नव्हता. बरोबर पाच फुटांचा माणूस.

मी पायरी चढलो, घसा साफ केला आणि वाटभर जुळवलेलं पहिलं वाक्य बोलायला तोंड उघडलं. त्यांनी माझ्याकडे न बघता एक बोट वर केलं.

“मास्तर,” ते हळूच म्हणाले, “सावली पडून राहिली पानावर.”

मी पायरीवरून खाली उतरलो आणि बाजूला झालो.